तळघराचं शेजारच्या विहिरीला विचारा

वाचकाचं पत्र :

"नमस्कार. मिरजेजवळ आमचा चार गुंठ्यांचा एनए प्लॉट आहे. पंधरा वर्षांपूर्वी घेतला तेव्हा चारी बाजूंनी ऊस होता, मागच्या अंगाला अजून आहे. हे बँकेतून निवृत्त झाले, म्हणून येत्या दसऱ्याला पायाचा मुहूर्त धरतोय. खाली-वर मिळून २,००० चौरस फुटांचं घर आणि सगळं धरून ५० लाखांपर्यंत आमची झेप. ठेकेदार वरच्या बांधकामाला चौरस फुटाला १,९०० रुपये सांगतो. त्यानेच ह्यांच्या डोक्यात तळघर घातलं. म्हणतो, काळी माती नऊ फूट आहे, मुरूम लागेपर्यंत खाली जायचंच आहे, मग तो खड्डा परत बुजवण्यापेक्षा ३० बाय २५चं तळघर काढू. सात लाखात ७५० चौरस फूट, शिवाय ते एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर बांधता येणाऱ्या चटई क्षेत्रात, धरत नाहीत.

ह्यांना गाण्याचं वेड. पहाटे पाचला रियाज, दोन तानपुरे. तळघरात गाद्या टाकून बैठकीची खोली करायची, शेजाऱ्यांना त्रास नाही, असं स्वप्न. मुलगा शिकागोजवळ असतो, तो म्हणतो इथे प्रत्येक घराला बेसमेंट असतं, तुम्ही उगाच घाबरता. सासूबाई म्हणतात, जमिनीखाली राहायला आपण काय उंदीर आहोत? मला २०१९चा पूर आठवतो. बहिणीच्या सांगलीतल्या घरात पाणी शिरलं होतं. आमचा प्लॉट पूररेषेच्या बाहेर आहे, तरी मला हे नको वाटतं. घरात मी घाबरट ठरले आहे. काय करावं?"

— एक वाचक, मिरज

ताई,

निकाल आधी सांगतो, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचता येईल. तुम्ही लिहिलंय तसाच प्लॉट असेल तर तिथे तळघर काढू नका. तुमची भीती योग्य आहे, फक्त ती चुकीच्या पाण्याची आहे.

पुराचं तुम्ही स्वतःच बघून ठेवलंय, ते बरं केलंत. तरी "पूररेषेच्या बाहेर आहे" हे कोण म्हणालं, प्लॉट विकणारा की नकाशा, एवढं एकदा तपासा. जलसंपदा विभागाच्या नकाशावर दोन रेषा असतात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे आपल्याकडच्या शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे, आणि २०१९ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. लाल रेषेच्या आत तळघर म्हटलं तर मी पुढचं वाचलंही नसतं. पण नदीचं पाणी येतं ते बातमी घेऊन येतं. सायरन वाजतो, सामान हलवायला अर्धा दिवस तरी मिळतो. तुमच्या तळघराला जे पाणी छळणार आहे ते दरवर्षी, न सांगता, जमिनीतूनच येणार आहे.

आता ठेकेदाराचा मुद्दा, कारण ह्यांना तो पटलाय आणि तो अगदीच पोकळ नाही. काळ्या मातीवर पाया ठेवत नाहीत, हे खरं. ही माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वैशाखात उसाच्या मोकळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा तुम्ही बघितल्या असतील. पाया त्या हलणाऱ्या थरातच राहिला तर दोन-तीन वर्षांत भिंतींवर तिरक्या चिरा येतात. म्हणून खाली मुरमापर्यंत जावं लागतं. इथवर ठेकेदार बरोबर.

पण मुरमापर्यंत खाली जायचे असतात ते खांब, घर नव्हे. तुमच्या घराला साधारण १२ खांब येतील. प्रत्येकाला सहा बाय सहाचा नऊ फुटी खड्डा धरला तरी सगळे मिळून जेमतेम ४० ब्रास माती निघते (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). तळघरासाठी मात्र अख्खा चौकोन उचलावा लागतो. ३० बाय २५च्या खोलीभोवती काम करायला तीन-तीन फूट जागा सोडा, फरशीच्या खालचे थर धरून ११ फूट खोली धरा, तर १२० ब्रासच्या वर जातं. खोदलेली काळी माती फुगून आणखी पाव हिस्सा वाढते. ती ठेवायची कुठे? प्लॉटबाहेर न्यायची तर तहसीलचा परवाना, रॉयल्टी, डंपरच्या खेपा. आणि खड्ड्याच्या बाजू पावसाळ्यात उभ्या राहत नाहीत, त्या ढासळतात. ढासळलेल्या काळ्या मातीखाली माणूस गेला तर बाहेर काढायला वेळ मिळत नाही. ठेकेदाराच्या सात लाखांत बाजूंना आधार देण्याचा खर्च आहे का, हे विचारा. माझी खात्री आहे, नसेल.

शिवाय, खांबांसाठीही दरवेळी एवढं खोदावं लागतंच असं नाही. अंडररीम्ड पाइल म्हणून एक प्रकार आहे. जमिनीत साडेतीन मीटरभर खोल एक बारीक भोक पाडायचं, तळाशी ते फुगीर करायचं, सळई टाकून काँक्रीट भरायचं. खालचा फुगवटा जहाजाच्या नांगरासारखा धरून ठेवतो आणि वरची माती फुगो की आकसो, घर हलत नाही. काळ्या मातीसाठीच ही पद्धत रुळली आहे. तुमच्या इंजिनीअरला ती इथे लागू पडते का ते विचारा.

खरा फरक पुढे आहे. खांबाचा खड्डा बुजवला की त्यात पाणी आलं काय, गेलं काय, त्याला फिकीर नाही. तळघर म्हणजे पाण्यात बुडवून ठेवलेली रिकामी पेटी. ती पेटी दोन गोष्टींशी कायम झगडते. बाजूने आत ढकलणाऱ्या पाण्याशी, आणि खालून वर उचलणाऱ्या पाण्याशी. दुसरी गोष्ट लोकांना खरी वाटत नाही, म्हणून हिशेब मांडतो. हा ह्यांना वाचून दाखवा, बँकेतला माणूस आकड्यांना मान देतो.

समजा तळघराची फरशी जमिनीपासून १० फुटांवर आहे आणि भाद्रपदात जमिनीतलं पाणी दोन फुटांपर्यंत वर आलं. म्हणजे फरशीच्या वर आठ फूट पाणी, २.४ मीटर. पाण्याचा हिशेब सोपा असतो, दर मीटर खोलीला चौरस मीटरवर एक टन दाब. म्हणजे फरशीच्या प्रत्येक चौरस मीटरला खालून २.४ टनांचा धक्का. ७५० चौरस फूट म्हणजे सुमारे ७० चौरस मीटर. सगळं मिळून १७० टनांच्या आसपास. आणि अशा कामात ठेकेदार खाली काय घालतो? चार इंची साधं काँक्रीट. त्याचं वजन चौरस मीटरला पाव टनही भरत नाही. दसपट ताकदीचा पैलवान खाली बसलाय आणि वर पोरगं झोपवलंय. फरशी आधी मध्यभागी उचलते, मग चिरते, मग त्या चिरेतून पाणी असं शांतपणे येतं की वाटावं झरा लागला. पावसाळ्यात रिकामा ठेवलेला जमिनीतला हौद अख्खाच्या अख्खा वर आलेला मी बघितला आहे. भुताटकी नव्हती ती, आर्किमिडीज होता.

तुमच्याकडे पाणी इतकं वर येतं का? मला तुमचा प्लॉट माहीत नाही, पण तुमच्या एका ओळीने माझे कान टवकारले. मागे अजून ऊस आहे. सांगली, मिरज, वाळवा, शिरोळ हा सगळा पट्टा वर्षानुवर्षं उसाला भरपूर पाणी पाजत आला. काळ्या मातीतून ते पाणी लवकर निचरत नाही, साठून राहतं. कितीतरी रानं त्यापायी क्षारपड झाली. वर पांढरं मीठ दिसतं आणि खाली दोन हात खणलं की पाणी. म्हणजे तुमच्याकडे जमिनीतलं पाणी फक्त पावसाच्या हातात नाही, मागच्या शेतकऱ्याच्या मोटारीच्या बटणावरही आहे. ऐन एप्रिलमध्ये त्याने पाणी सोडलं की तुमच्या भिंतीला ओल. आणि ते खारट पाणी सळईला गंज चढवतं, काँक्रीटलाही खातं. वरच्या भिंतीला असं झालं तर दिसतं. मातीआड पुरलेल्या भिंतीचं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

हे मला पुस्तकातून कळलं असं म्हणणं खोटं ठरेल. नव्वदच्या दशकात, नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा, या भागातल्याच एका डॉक्टरांच्या बंगल्याचं तळघर मी केलं. मे महिन्यात खड्डा घेतला. खडखडीत कोरडा. तळाला पिवळा मुरूम, इतका घट्ट की पहार लागली. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, डॉक्टर, तुमचं तळघर कोरडं राहणार. शेजारी विहीर होती, तिच्यात डोकावलोसुद्धा नाही. पहिल्या पावसाळ्यात कोपऱ्यात ओल. दुसऱ्यात भिंतीला मीठ. तिसऱ्या वर्षी गौरी जेवायच्या दिवशी त्यांच्या घरून निरोप आला. जाऊन बघतो तर घोटाभर पाणी आणि त्यात वडिलांच्या जुन्या ग्रंथांच्या पेट्या. डॉक्टर एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या आईने मला चहा दिला, तो पिणं अवघड झालं होतं.

चूक कुठे झाली हे मला पुढे कळलं. मुरूम घट्ट होता म्हणूनच पाणी साठलं. आम्ही घट्ट जमिनीत एक वाडगं कोरलं, भिंत बांधून झाल्यावर भोवतीची फट त्याच पोकळ मातीने भरली, आणि पागोळ्यांचं सगळं पाणी त्या फटीत उतरायला लागलं. खाली जायला वाट नाही, मग ते भिंतीत घुसणार नाही तर काय करेल? खडकातही हेच होतं. "खाली काळा पाषाण लागलाय, आता पाण्याचं नाव नको," असं सांगणारे मिस्त्री मला अजून भेटतात. आपल्या दख्खनच्या पाषाणाला भेगा असतात, आणि मुरूम संपून खडक सुरू होतो तिथून तर विहिरींना पाझर लागतात. विहीर खोदणाऱ्याला हे ठाऊक असतं. तळघर खोदणारा विसरतो.

पैशांचं. सात लाख भागिले ७५०, म्हणजे चौरस फुटाला ९३३ रुपये. वरच्या मजल्याला १,९०० मागणारा माणूस जमिनीखालचं बांधकाम निम्म्या भावात कसं देतो? वर नऊ इंची वीट चालते, खाली चारही भिंती आरसीसीच्या लागतात. वर पाय ठेवायला फरशी लागते, खाली पाण्याचा धक्का पेलणारा जाड राफ्ट, म्हणजे अख्ख्या तळाचा एकसंध काँक्रीटचा थर, वरून-खालून दोन्हीकडे सळई. तळाला आणि बाहेरच्या अंगाला बॉक्स वॉटरप्रूफिंग, म्हणजे खडबडीत शहाबाद फरशी सिमेंटच्या मालात बसवून पूर्ण पेटीला बाहेरून कवच. राफ्ट आणि भिंतीच्या सांध्यात वॉटर बार, म्हणजे पाणी अडवणारी पीव्हीसीची पट्टी. बाहेरून खडीचा थर आणि भोकांचा पाइप, तो पाणी गोळा करून संपमध्ये, म्हणजे पाणी साठायच्या खड्ड्यात, नेणार, संपमध्ये पंप, आणि एक जादा पंप, कारण पहिला बिघडतोच. माझ्या अनुभवात चांगल्या तळघराचा चौरस फूट वरच्या चौरस फुटाच्या दीडपट ते दुप्पट पडतो. तुमच्या ७५० फुटांना ते २१ ते २८ लाख होतात. पन्नासातले निम्मे. सात लाखांत तळघर होतं, पण ते डॉक्टरांसारखं होतं.

आणि पंपाला वीज लागते. आपल्याकडे वीज कधी जाते, हे मी सांगायला नको.

एफएसआय लागत नाही हे आमिष तर मला फार गमतीचं वाटलं. चार गुंठे म्हणजे ४,३५६ चौरस फूट. तुम्ही बांधताय २,०००. तुमच्या हक्काचं चटई क्षेत्रच निम्म्याहून जास्त शिल्लक राहतंय. जेवायला दोघं आणि फुकट मिळतात म्हणून दहा पानं मांडायची, त्यातला प्रकार. शिवाय ही सवलत असते ती वाहनतळ, घरगुती सामान, यंत्रं अशा वापराला. तळघर ही राहण्याची खोली नव्हे, हे बांधकामाचे नियम गृहीत धरूनच चालतात. गाद्या, बैठक, पाहुणे झोपले, असं सुरू झालं की ती सवलतीची जागा राहत नाही. आणि ठेकेदार "नकाशात दाखवायची गरज नाही" म्हणाला तर त्याला चहा देऊन वाटेला लावा. भोगवटा प्रमाणपत्र त्याच्या नावाने निघणार नाहीये.

नियम उगाच नसतात. २७ जुलै २०२४ला दिल्लीत जुन्या राजेंद्रनगरमध्ये एका शिकवणी वर्गाच्या तळघरात पावसाचं पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी बुडाले. साठवणुकीसाठी मंजूर असलेल्या जागेत वाचनालय चालत होतं. तुमच्या घरी तसं होईल असं मी म्हणत नाही. पण पाणी जिन्यावरून खाली यायला लागलं की वर चढणं जमत नाही, आणि दाराला बाहेरून पाणी टेकलं तर ते ढकलून उघडता येत नाही, हे त्या पहाटेच्या रियाजाच्या चित्रात कुठेतरी असावं.

चिरंजीवांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की तो खोटं बोलत नाहीये. शिकागोकडे हिवाळ्यात जमीन गोठते. गोठलेली जमीन पाया उचलते, म्हणून तिथे पाया साडेतीन फुटांच्या खाली न्यावाच लागतो. घराच्या चारही भिंती मुळातच इतक्या खाली उतरलेल्या, मग आणखी चार-पाच फूट खणलं की खोली मिळते, घर गरम ठेवणारी भट्टी आणि पाण्याचा बंब तिथे बसतो, वादळात लपायला जागा होते. त्यांचं गणित त्यांच्या थंडीने मांडलेलं आहे. सांगली-मिरजेत जमीन गोठत नाही, फुगते. आणि त्याला एक काम सांगा. आज संध्याकाळी आपल्या बेसमेंटमध्ये जाऊन कोपऱ्यात झाकण असलेला एक गोल खड्डा आहे का ते बघ, आत पंप आहे का, त्याला बॅटरी आहे का, आणि घरमालकाला विचार की तो वर्षातून किती वेळा चालतो. उत्तर आलं की ह्यांच्यासमोर वाचा.

सासूबाईंचा उंदराचा दाखला मला आवडला. त्या वास्तूबद्दलही काही म्हणत असतील, तर त्यावर मी वाद घालणार नाही. त्यांची कारणं वेगळी, माझी वेगळी, निकाल एकच लागतोय, तर बिघडलं काय?

पण एक आठवण त्यांना करून द्या. जमिनीखाली काही ठेवायचंच नाही असं आपल्या भागाचं कधी नव्हतं. हरिपूरची हळदीची पेवं त्यांनी नक्की पाहिली असतील. वीस-पंचवीस फूट खोल, वर निमुळतं तोंड, आत पोती रिचवली की तोंड बंद. हवाच नाही, त्यामुळे कीड नाही, हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरायचं नाही, आधी आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची, ही शिस्त. हे जमलं कारण हरिपूरची ती विशिष्ट माती लोकांनी पिढ्यान् पिढ्या पारखली होती, आणि पेवात माल राहायचा, माणूस नव्हे. तरीही २००५च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि हळद गेली. इतक्या जाणत्या लोकांची ही गत, तर आता गावोगाव बंगल्यांखाली तळघरांचं जे पेव फुटलंय त्याचं काय होईल?

आता ह्यांच्या स्वप्नाकडे येतो, कारण भांडण तळघराचं दिसत असलं तरी त्यांना तळघर नकोच आहे मुळी. त्यांना पहाटे पाचला मोकळ्या गळ्याने गाता येईल अशी खोली हवी आहे. ती मागणी मला शंभर टक्के मान्य. पण मिरजेत राहून तानपुरा तळघरात ठेवायचा? सतारमेकर गल्लीत जाऊन कोणालाही विचारा, दमट खोलीत भोपळ्याचं काय होतं. बुरशी धरते, सांधे सुटतात, जवारी बिघडते. पावसाळ्यात वरच्या खोलीतही तानपुरा रोज लावताना जीव जातो, आणि हे त्याला पाण्याच्या पेटीत नेऊन ठेवणार. गाणाऱ्याच्या गळ्यालाही ती ओल मानवणार नाही.

त्या खोलीला वर जागा काढा. जिथे शेजारी नाही त्या अंगाला, तुमच्या पत्रावरून ती उसाची बाजू दिसते. १५ बाय १२ पुरे. भिंत दुहेरी करा, मध्ये दोन इंच पोकळी. आवाज भिंतीतून कमी आणि दार-खिडकीच्या फटींतून जास्त जातो, म्हणून दार भरीव लाकडाचं, चौकटीला रबर, आणि शक्य असेल तर दोन दारांमध्ये छोटी मोकळी जागा. खिडकी एकच, दुहेरी काचेची. छत फार खाली नको, दहा-साडेदहा फूट ठेवा, गाणं कोंडत नाही. हे सगळं धरूनही तुम्ही सात लाखांच्या आत राहाल, आणि पहाटे खिडकीतून उजेड येईल तो वेगळाच. गाड्या चार गुंठ्यांत कुठेही उभ्या राहतील. मखर, पिंपं, पितळी भांडी यांना जिन्याखालची जागा आणि स्वयंपाकघरावर माळा. जोतं मात्र उंच घ्या, रस्त्यापासून किमान तीन फूट. रस्ते दर डांबरीकरणाला वर येतात आणि घरं खाली जातात.

मी तळघराला सरसकट नाही म्हणणारा माणूस नाही. प्लॉट उताराचा असेल, पन्हाळ्याच्या किंवा साताऱ्याच्या डोंगरअंगाला, तर मी स्वतः सुचवतो. तिथे एक बाजू उघडी राहते, दार थेट अंगणात निघतं, आणि पाण्याला स्वतःच्या पायांनी खाली जायला वाट असते. पंप लागत नाही. अशी खोली पाहिली की मला बांधणाऱ्याचं कौतुक वाटतं. कोकणात जांभ्यात मात्र डोळे उघडे ठेवा, तो चाळणीसारखं पाणी सोडतो. तुमची जमीन सपाट आहे, वर काळी आहे, मागे ऊस आहे. तिन्ही गोष्टी एकदम तुमच्याच वाट्याला आल्या.

आता हे माझं नुसतं बोलणं म्हणून सोडू नका. पत्र श्रावणात आलं हे नशीब. दसऱ्यापर्यंतचे दिवस वर्षातले सगळ्यात कामाचे आहेत, कारण जमिनीतलं पाणी आता चढायला लागलंय. जेसीबी आणू नका, तो रुतेल. हाताने फिरवायच्या ऑगरने, म्हणजे मातीत भोक पाडायच्या गिरमिटाने, प्लॉटच्या मध्यावर चार इंची भोक बारा फुटांपर्यंत पाडून घ्या, त्यात भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप सोडा, वर टोपण घट्ट बसवा. दर रविवारी दोरीला वजन बांधून सोडायचं, ओला भाग कुठपर्यंत आला ते टेपने मोजायचं, वहीत तारखेसकट लिहायचं. हे काम ह्यांना द्या, त्यांच्या हातचा हिशेब त्यांना पटेल. त्याच रविवारी शेजारच्या विहिरीत डोकावून काठापासून पाणी किती खाली आहे तेही लिहा, आणि उसाच्या मालकाला विचारा की तो पाणी कधी सोडतो. भोक पाडताना निघालेली माती प्रत्येक दोन फुटांना वेगळ्या पिशवीत भरून प्रयोगशाळेत द्या. मातीची पूड एका नळीत पाण्यात, दुसरीत रॉकेलमध्ये टाकून दिवसभर ठेवतात आणि पाण्यातली किती जास्त फुगली ते बघतात. क्षारांची तपासणीही सांगा. या कागदांवर पाया कसा घ्यायचा हे इंजिनीअर ठरवील, त्यामुळे तळघर केलं नाही तरी हा खर्च वाया जात नाही.

ठेकेदाराने मुहूर्त चुकेल म्हणून घाई केली तर त्याला सांगा, मुहूर्त दसऱ्यालाच करू, फक्त कुदळ कशासाठी मारायची ते अनंत चतुर्दशीनंतर सांगतो.

आणि त्या वहीत अनंत चतुर्दशीपर्यंत पाणी बारा फुटांच्या वर एकदाही आलं नाही, विहीरही तेच म्हणाली, तर मला परत लिहा. मी माझा निकाल बदलीन, आणि ह्यांच्या पहिल्या बैठकीला येऊन खाली गादीवर बसेन.